आमचे केसपेपर रद्दीत घालण्याआधी

प्रति,
मा. अधिष्ठाता, शल्यचिकित्सा विभागातले सर्व अध्यापक, आणि एथिक्स कमिटीचे अध्यक्ष व सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयाचं आणि गावाचं नाव या पत्रात मी मुद्दाम घातलेलं नाही. पत्र कुणाला आहे ते तुम्हाला पहिल्या चार ओळींत कळेल. बाकीच्यांनी आपापल्या जिल्ह्याचं नाव घालून वाचलं तरी फारसं चुकेल असं मला वाटत नाही.

मी तुमच्याच रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात २९ वर्षं काम केलं. १९९४ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, २०२३ साली वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. गेल्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक परिपत्रक पाठवलं. जुन्या नर्सेस हॉस्टेलच्या तळमजल्यावर ठेवलेल्या, पाच वर्षांहून जुन्या आंतररुग्ण केसपेपरांचं निर्लेखन करायचं, कागद रद्दीच्या ठेकेदाराला द्यायचे, आणि मोकळी झालेली जागा नव्या क्लिनिकल रिसर्च युनिटसाठी द्यायची, असा निर्णय झाला आहे. युनिटमध्ये एसी, कॉन्फरन्स टेबल आणि संगणक असतील. भिंतीला कुठला रंग द्यायचा तेसुद्धा परिपत्रकात आहे.

संशोधनाला जागा हवी म्हणून पेशंटचे कागद रद्दीत. मी हे तीनदा वाचलं, मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं.

त्या खोलीत तुमच्यापैकी किती जण गेलेत मला माहीत नाही. पावसाळ्यात उंबऱ्यावरून पाणी आत येतं, म्हणून खालच्या रॅकवर आम्ही काही ठेवत नसू. वर्षावार, युनिटवार गठ्ठे, लाल कापडात बांधलेले, वर सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर स्केचपेननं 'सर्जरी युनिट दोन, जुलै ते सप्टेंबर' असं लिहिलेलं. वाळवी लागली की गठ्ठा उचलताना आधी हातात भुसा येतो आणि मग कागद. तरी एखाद्याचा आयपीडी नंबर, म्हणजे दाखल पेशंटचा नंबर, आणि साल मिळालं तर अर्ध्या तासात पेपर काढून द्यायचो आम्ही. कोर्टासाठी, विम्यासाठी, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी, आणि सगळ्यात जास्त थिसिससाठी.

थिसिसचा, म्हणजे पदव्युत्तर पदवीसाठीच्या प्रबंधाचा, हंगाम असतो. दिवाळी झाली की तिसऱ्या वर्षाचे रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर, आमच्या खिडकीशी उभे. डोळे तारवटलेले, अ‍ॅप्रनच्या खिशात वडापावचा कागद. "ताई, हर्नियाचे पन्नास काढून द्या ना. दोन-चार बायका आल्या तर बरं." मंडईत कोथिंबीर मागावी तसं. मी काढून द्यायची. या पत्रात मी तुमच्याकडे बोट दाखवणार आहे, म्हणून आधीच कबूल करते की या सगळ्यात माझाही हात आहे. पन्नासचा आकडा पुरा व्हावा म्हणून गठ्ठे सोडणारी मीच होते.

आता माझ्या घरचं सांगते.

माझा थोरला भाऊ मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होता. आम्ही त्याला दादा म्हणतो, मोंढ्यातले लोक नाना म्हणतात. शंभर किलोची पोती त्यानं तीस वर्षं पाठीवर वाहिली. २०१५ च्या उन्हाळ्यात त्याला उजव्या जांघेत गाठ यायला लागली, हर्नियाची. उभं राहिलं की बाहेर, आडवं झालं की आत. ऑगस्टमध्ये मीच त्याला आपल्याकडे आणलं. बहीण आतली माणूस, म्हणून खाट लवकर मिळाली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एका रेसिडेंटनं त्याला चार पानांचा कागद दिला. अभ्यास आहे, हर्नियाची जागा झाकायला दोन प्रकारच्या जाळ्या आहेत, एक जड आणि एक हलकी, तुम्हाला त्यातली एक बसेल, बाकी उपचार तेच. दादा सही करतो. साक्षरता वर्गात शिकलाय, जरा रेंगाळत करतो एवढंच. पण पेन सापडेना, मागे अजून सहा पेशंट, म्हणून शाईचा पॅड आणून अंगठा घेतला. घरी आल्यावर तो मला म्हणाला, "मला सही येते हे त्यांना सांगायचं राहिलं."

एप्रिल २०१६ मध्ये, गुढीपाडव्याच्या मागे-पुढे, गाठ परत आली. तो आपल्याकडे आला नाही. परत येऊन दिवसभर ओपीडीत बसायचं तर हजेरी बुडते. शिवाय 'तुमची जाळी टिकली नाही' हे डॉक्टरला तोंडावर सांगायची त्याला लाज वाटली, जणू त्याचीच काही चूक झाली होती. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात दुसरं ऑपरेशन झालं. चाळीस हजार लागले. आडत्याकडून उचल घेतली, ती फेडायला दोन हंगाम गेले. मला त्यानं हे सांगितलं तेव्हा टाकेसुद्धा निघाले होते.

यात मी कुणाला दोष देत नाही. जाळी बसवली तरी हर्निया कधीकधी उलटतो, हे मला इतक्या वर्षांत कळलंय. पोती उचलणाऱ्याचा उलटायची भीती तर असतेच.

पुढची गोष्ट २०२२ ची. जुन्या थिसिस स्कॅन करून ठेवायच्या म्हणून मला तीन महिने ग्रंथालयात बसवलं होतं. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, आत धुळीचा वास. पान उलटायचं, काच दाबायची, बटण दाबायचं. थिसिसच्या शेवटी मास्टर चार्ट असतो, आडवं छापलेलं मोठं कोष्टक, एका ओळीत एक पेशंट. डिसेंबर २०१५ मध्ये सादर झालेल्या एका थिसिसच्या मास्टर चार्टात ३७ व्या ओळीला माझा हात थांबला. दादाचं नाव होतं. पूर्ण नाव, वय ५४, गाव, आयपीडी नंबर. गट ब, हलकी जाळी. पुढे रकाने: ७ दिवस, १ महिना, ६ महिने, १२ महिने. चारही रकान्यांत एकच शब्द: 'नाही'. रिकरन्स नाही, म्हणजे गाठ परत आली नाही.

ऑपरेशन ऑगस्ट २०१५ मध्ये. थिसिस सादर डिसेंबर २०१५ मध्ये. मधे चार महिने. बारा महिन्यांनंतर दादाच्या पोटाचं काय झालं हे त्या कागदाला आठ महिने आधीच ठाऊक होतं.

मी तिथेच बसून बोटांवर मोजलं. जुलै २०१५ नंतर ऑपरेशन झालेले अकरा जण त्या चार्टात होते. त्यातल्या एकाचाही सहा महिन्यांचा रकाना प्रामाणिकपणे भरता येणं शक्य नव्हतं, बाराचा तर राहूच द्या. सगळे भरलेले. निष्कर्षात लिहिलंय की हलकी जाळी जड जाळीइतकीच टिकाऊ, दोन्ही गटांत एका वर्षात रिकरन्स शून्य. त्या थिसिसवर पुढे एक शोधनिबंधही छापून आला. म्हणजे दादाचा तो 'नाही' आता कुणाच्या तरी बेरजेत गेलेला आहे. उद्या एखादा सर्जन कुठली जाळी घ्यावी हे त्या बेरजेवरून ठरवेल.

ती थिसिस लिहिणारा मुलगा मला आठवतो. वाईट नव्हता. छत्तीस-छत्तीस तास ड्युटी करायचा, आमच्या ऑफिसातल्या बाकावर बसल्या-बसल्या झोपायचा. आता कुठेतरी चांगली प्रॅक्टिस करत असेल, हातही चांगला होता त्याचा. त्याच्यावर कारवाई करा असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. मी हिशोब दाखवते. पीजी तीन वर्षांचं. सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिहून, गाईडची सही घेऊन, एथिक्स कमिटीपुढे मंजूर होईपर्यंत पहिलं वर्ष सरत आलेलं असतं. थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायची. मधे उरतात दीडेक वर्ष. या दीड वर्षात पन्नास पेशंट गोळा करायचे आणि शेवटच्या पेशंटचाही वर्षभराचा फॉलो-अप, म्हणजे नंतरची तपासणी, दाखवायचा. गणिताच्या पेपरात हा प्रश्न आला असता तर उत्तर 'अशक्य' असं लिहून पोरं पास झाली असती. इथे मात्र 'अशक्य' लिहिणारा नापास होतो. मग गाईड सही करतात, विभागप्रमुख सही करतात, बाहेरचे परीक्षक पानं चाळतात, आणि चार्टातली तारीख कुणी बघत नाही. हे सगळं त्या मुलानं एकट्यानं केलं असं म्हणणं मला पटत नाही.

ही माझी पहिली तक्रार, आणि सगळ्यात मोठी. बाकीच्या तिच्याच पोटातून आलेल्या आहेत.

दुसरी अशी, की तुमच्या एकाच इमारतीत दोन जातीचे पेशंट आहेत. औषध कंपनीच्या ट्रायलमधला, म्हणजे औषधाच्या चाचणीतला, एक, थिसिसमधला दुसरा. कंपनीच्या पेशंटचे कागद लोखंडी कपाटात कुलपात असतात. को-ऑर्डिनेटर मुलगी त्याला आदल्या दिवशी फोन करते, "काका, उद्या यायचं हं." येण्या-जाण्याचे पैसे मिळतात. मुंबईहून मॉनिटर, म्हणजे कंपनीचा तपासनीस, येतो आणि एक-एक तारीख ताडून बघतो. हे आपोआप झालेलं नाही. ट्रायलमध्ये माणसं दगावली, इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, न्यायालयानं फटकारलं, २०१३ पासून नियम कडक झाले, आणि २०१९ च्या नव्या नियमांत इजा झाली तर मोफत उपचार, भरपाई, कमिटीनं पाच वर्षं कागद जपणं, हे सगळं लिहून आलं. चांगलंच झालं. पण त्याच वॉर्डातला थिसिसचा पेशंट मात्र वाऱ्यावर. त्याला फोन करायला माणूस नाही, एसटीचं तिकीट द्यायला पैसे नाहीत, आणि परत आलाच तर त्याला परत त्याच लांबलचक ओपीडीच्या रांगेत उभं राहायचंय. तो येत नाही, मग चार्टात 'लॉस्ट टू फॉलो-अप', म्हणजे पेशंट परत सापडला नाही, असं लिहिणं कमीपणाचं वाटतं म्हणून 'नाही' लिहितात. दादा कुठेही हरवला नव्हता. मोंढ्यात चौथ्या गाळ्यापुढे रोज सकाळी सातला उभा असायचा. त्याची बहीण तुमच्याच खिडकीत बसलेली होती.

तुम्ही म्हणाल, तो कंपनीचा पैसा आहे, आमच्याकडे कुठला? मान्य. पण कमिटीच्या सदस्यांनो, आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं कंपनीचा पेशंट आणि थिसिसचा पेशंट असा भेद करत नाहीत. माणसावर संशोधन म्हणजे संशोधन. समजेल अशा भाषेत माहिती, संमतीपत्राची प्रत हातात, इजा झाल्यास मोफत उपचार, ओळख गुप्त, हे सगळ्यांना सारखंच आहे.

संमतीपत्राचं काय होतं ते वर सांगितलंच. थोडं आणखी. मराठी अनुवाद असतो, पण तो वाचून बघा एकदा. 'सदर अभ्यासातील माझा सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून मी कोणत्याही टप्प्यावर कारण न देता माघार घेऊ शकतो याची मला जाणीव करून देण्यात आली आहे.' हे ऐकून हमाल काय समजणार? ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, पोटात अन्न नाही, सकाळी आपला नंबर लागेल की पुढे ढकलतील ही धास्ती, आणि विचारणारा तोच डॉक्टर जो उद्या सुरी हातात घेणार आहे. 'नाही' कोण म्हणेल? दादाला वाटलं सही केली नाही तर ऑपरेशन रद्द होईल. त्याला प्रत दिली नव्हती. दिली असती तर घरी आमच्या भाच्यानं ती वाचून दाखवली असती.

नावांबद्दल एवढंच सांगते, की ग्रंथालयात त्या तीन महिन्यांत मी मास्टर चार्टातल्या नावांवर पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवून स्कॅन करायची. मला कुणी सांगितलं नव्हतं. गुप्तरोगाच्या अभ्यासातही पूर्ण नाव, गाव, वय होतं. माझ्या आधी ज्यानं स्कॅन केलं त्यानं पट्टी ठेवली नव्हती. त्या फाइली आजही कुठल्यातरी संगणकात आहेत.

आणि निकाल. २९ वर्षांत एकाही पेशंटला मी असं पत्र गेलेलं पाहिलं नाही की, बाबा, तुमच्यावर जो अभ्यास केला त्यातून हे निघालं. शोधनिबंध छापून आला की विभागात पेढे वाटतात, आमच्या टेबलापर्यंतही येतात. ज्याच्या पोटावर तो लिहिला त्याला पेढाही नाही आणि बातमीही नाही.

नव्या युनिटच्या प्रस्तावात, असं ऐकते, एका पाहणीचा आधार दिला आहे. ती खरी आहे आणि लाजिरवाणीही. दिल्लीचे सर्जन डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली छापली होती: २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून एकही शोधनिबंध आलेला नाही. म्हणून युनिट हवं, निबंध वाढले पाहिजेत. अध्यापकांच्या बढतीला निबंध लागतात हेही त्यामागे आहे, ते प्रस्तावात लिहिलेलं नसणार. माझी शंका अशी की दादाची थिसिस त्या हिशोबात जमेच्या बाजूला पडते. शून्य निबंधांच्या यादीतून एखादं महाविद्यालय अशा कागदानं बाहेर पडत असेल, तर ते शून्यच बरं होतं.

चांगलं संशोधन आपल्याकडे होत नाही असंही नाही. आपल्या भागातले तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट 'टाटाला' जातात, निम्म्यांच्या खिशात अजून गुटख्याची पुडी असते. त्या टाटा हॉस्पिटलात डॉ. अनिल डिक्रूझ यांनी २००४ पासून दहा वर्षं एक साधा प्रश्न धरून ठेवला: तोंडाच्या लवकरच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनात काढाव्यात, की पुढे दिसल्या तर काढाव्यात? २०१५ साली उत्तर आलं. आधीच काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. एवढा मोठा फरक कळला कशामुळे? यंत्र नवीन नव्हतं, औषधही नवीन नव्हतं. ऑपरेशन करून घरी गेलेली माणसं तीन-तीन वर्षं धरून ठेवली होती म्हणून. पेशंट यूपी-बिहारपासून आलेले, तरी धरून ठेवले.

ते टाटा, तुम्ही म्हणाल. मग जाळीचंच घ्या. धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा. वैद्यकीय महाविद्यालय नाही, रिसर्च युनिट नाही. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी पाहिलं की कंपनीची जाळी गरिबाला परवडत नाही. मच्छरदाणीचं कापड घेतलं, कापलं, निर्जंतुक केलं, वापरलं, आणि वेगवेगळ्या गावांतल्या सर्जन मित्रांसोबत २००३ साली ते छापलं. शहरातल्यांनी आधी नाकं मुरडली असणार, मच्छरदाणी म्हणे! पुढे हीच कल्पना घेऊन पूर्व युगांडात स्वीडिश आणि युगांडाच्या डॉक्टरांनी रीतसर चाचणी केली. ३०२ पुरुष, अर्ध्यांना मच्छरदाणीची, अर्ध्यांना कंपनीची जाळी. २०१६ साली जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया उलटला, कंपनीच्या गटात कुणाचाच नाही, फरक नगण्य. हा निकाल डॉक्टर लोक कौतुकानं सांगतात. माझं लक्ष दुसऱ्या आकड्याकडे गेलं, कारण माझी नोकरीच ती. ३०२ पैकी ९५ टक्क्यांहून जास्त जणांना वर्षानंतर तपासलं होतं. युगांडातल्या खेड्यांत. राहिलेल्यांच्या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं नाही.

ज्याचा हर्निया उलटला तो एक माणूस मला फार मोलाचा वाटतो. कुणीतरी त्याला जाऊन विचारलं. आपल्या थिसिसमध्ये दादा तो एक माणूस असायला हवा होता.

संशोधनाला एसी लागत नाही असं म्हणायला डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव पुरे आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचू चावलेल्या माणसाशेजारी रात्रभर बसायचं, घाम, नाडी, थंड पडलेले हातपाय लिहून ठेवायचे. त्या वहीतून १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात लेख गेला. ती वही कुणी निर्लेखित केली असती तर?

कायद्याचं म्हणाल तर तुम्ही बहुधा नियमात बसता. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आंतररुग्णाचे कागद तीन वर्षं जपावेत असं आहे, तुम्ही पाच वर्षं जपलेत. पण ती किमान मर्यादा आहे, आणि ज्या केसपेपरवर अभ्यास उभा आहे तो साधा केसपेपर राहत नाही, तो पुरावा होतो. तो नष्ट झाला की थिसिसमधला चार्ट खरा होता की खोटा हे पुढे कुणालाच ताडता येणार नाही. हे कुणी मुद्दाम करतंय असं मी म्हणत नाही. परिपत्रक काढणाऱ्याच्या हे डोक्यातही आलं नसेल, खोली मोकळी करायची एवढंच असेल. पण आता मी सांगितलं आहे.

म्हणून माझ्या मागण्या, सरळ शब्दांत:

निर्लेखनाला ताबडतोब स्थगिती द्या. ज्या पेशंटांचे नंबर कुठल्याही थिसिसच्या किंवा छापलेल्या निबंधाच्या चार्टात आहेत, त्यांचे केसपेपर आधी वेगळे काढा, कोरड्या जागी ठेवा. बाकीचे खुशाल द्या रद्दीला, पण नावं फाडून.

यापुढे ज्या अभ्यासात फॉलो-अप आहे, त्याच्या चार्टात 'आहे-नाही' सोबत प्रत्येक भेटीची तारीख आणि पेशंटला कसं तपासलं, प्रत्यक्ष की फोनवर, हे लिहिणं सक्तीचं करा. 'आला नाही', 'कळलं नाही' असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला गाईडनं ओरडू नये. दीड वर्षात बसत नसेल असा प्रश्न कमिटीनं सिनॉप्सिसलाच परत पाठवावा. आणि उपचार बदलून बघण्याचा अभ्यास असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी त्याची सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद असावी. २०१८ पासून तिथे मागून नोंदणी होत नाही, त्यामुळे तारखा आपोआप सरळ राहतात.

नव्या युनिटमधलं एक कॉन्फरन्स टेबल कमी करा आणि त्या पैशात एक माणूस नेमा, जो फक्त पेशंटांना फोन करेल. समाजसेवा अधीक्षकांकडे आधीच शंभर कामं आहेत, त्यांच्यावर टाकू नका. फॉलो-अपला येणाऱ्याला एसटीचं भाडं आणि वेगळी छोटी रांग द्या. हमालाचा अर्धा दिवस वाचला तर तो येतो, माझा अनुभव आहे.

संमती आदल्या संध्याकाळी नको, ओपीडीत तारीख देतानाच घ्या, आणि ऑपरेशन करणारा सोडून दुसऱ्या कुणीतरी घ्या. मराठी मसुदा आधी वॉर्डातल्या आयाला वाचून दाखवा. तिला कळला तरच चालवा. प्रत हातात द्या. पेन ठेवा.

थिसिसमधून नावं आणि गावं काढा, आधी स्कॅन झालेल्यांतूनसुद्धा.

दरवर्षी झालेल्या अभ्यासांचे निकाल, एकेका ओळीत, मराठीत, सर्जरी ओपीडीच्या भिंतीवर लावा. काही निघालं नाही तर तेही लावा.

कमिटीत एक सदस्य 'सामान्य व्यक्ती' म्हणून असतो, ना डॉक्टर, ना वकील. त्या सदस्यांना माझी स्वतंत्र विनंती आहे. मीटिंगच्या फायली इंग्रजीत असतात, चहाबरोबर बिस्किटं येतात, आणि सगळे मोठे लोक असतात म्हणून बोलायला संकोच होतो, हे मी मिनिट्स टाइप करताना पाहिलंय. पण ती खुर्ची दादासारख्यांची आहे. पुढच्या मीटिंगला फक्त एक प्रश्न विचारा: 'मागच्या वर्षी मंजूर केलेल्या अभ्यासांतल्या किती पेशंटांना आपण परत पाहिलं?'

दादाला मी त्या ३७ व्या ओळीबद्दल सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मंग आता लिव्हून देतो म्हणावं, गाठ आली व्हती." त्यानं दिलेला कागद माझ्याजवळ आहे, खाली त्याची सही आहे, रेंगाळत केलेली. खासगी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्डही आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा घेऊन येईन. तो निबंध ज्या नियतकालिकात आला त्यांना दुरुस्तीचं पत्र विभागानं स्वतः पाठवावं, असं मला वाटतं. दोन महिन्यांत ते गेलं नाही तर मी पाठवेन, पण आधी तुम्हाला विचारतेय.

गठ्ठे वेगळे करायला माणूस नाही अशी अडचण असेल तर मंगळवार आणि शुक्रवार मी येते, पैसे नकोत. थिसिसना लागलेले सर्जरीचे गठ्ठे बहुतेक डाव्या भिंतीच्या तिसऱ्या रॅकवर, वरच्या दोन फळ्यांवर आहेत. खालच्या फळ्यांना हात लावायचा असेल तर आधी वाळवीचं औषध मारून घ्या. खोलीची एक किल्ली स्टोअरकडे आहे, दुसरी रात्रपाळीच्या शिपाईमामांकडे. ठेकेदाराचा ट्रक सोमवारी येणार आहे असं कळलं, म्हणून हे पत्र आजच.

आपली,
निवृत्त वरिष्ठ लिपिक,
वैद्यकीय अभिलेख विभाग